घरातली ई-टाइप विकून रेंज रोव्हर घ्यावी का? एक लाख पौंडांच्या भांडणाचं गणित

इंग्लंडमध्ये आज चांगल्या अवस्थेतली सिरीज वन जॅग्वार ई-टाइप विकायला काढली, तर साधारण एक लाख पौंडांच्या आसपास पैसे येतात. मॉडेल, पत्र्याची अवस्था आणि कागदपत्रं बघून आकडा वर-खाली होतो, पण फिरतो त्याच भागात. आणि शोरूममधली नवी कोरी रेंज रोव्हरही साधारण तिथूनच सुरू होते. आपल्या रुपयांत दोन्ही सव्वा कोटीच्या घरात.

म्हणजे एका बाजूला साठ वर्षांची, दोन सीटची, पावसात कुठून ना कुठून गळणारी स्पोर्ट्स कार. दुसऱ्या बाजूला एअर सस्पेन्शनवर तरंगणारी, आत बसलं की बाहेरचा आवाजच बंद करणारी लक्झरी एसयूव्ही. किंमत सारखीच. गंमत म्हणजे मालकही एकच. २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड २.३ अब्ज डॉलरला विकत घेतले, तेव्हापासून या दोन्ही घराण्यांचा पत्ता शेवटी मुंबईलाच येऊन थांबतो.

आता हा प्रश्न फक्त श्रीमंतांच्या चैनीचा आहे असं वाटू शकतं. पण ब्रिटनमध्ये बऱ्याच ई-टाइप अशा घरांत आहेत, जिथे त्या सत्तरच्या दशकात जुन्या बाजारातून स्वस्तात आल्या होत्या. तेलाचे भाव भडकले होते, पेट्रोल पिणारी जुनी स्पोर्ट्स कार कुणाला नको होती. तेव्हा पंचविशीत असलेल्या माणसाने ती घेतली, स्वतः पाने फिरवून चालू ठेवली, आज तो सत्तरी-पंचाहत्तरीत आहे. गुडघे कुरकुरतात, खाली वाकून गाडीत शिरणं जमत नाही. मुलं म्हणतात, विका आणि आरामाची गाडी घ्या. त्याच्यासाठी ही गुंतवणूक नाही, अख्खं तरुणपण आहे. भांडण तिथून सुरू होतं.

ई-टाइपचं एवढं काय कौतुक?

१५ मार्च १९६१. जिनिव्हा. जॅग्वारने आपली नवी गाडी दाखवायला पत्रकारांना बोलावलं होतं. कूपे मॉडेल, नंबर ९६०० एचपी, कंपनीचा माणूस इंग्लंडमधून रस्त्याने चालवत घेऊन पोहोचला होता, तोही अगदी ऐन वेळेला. गाडी बघून चक्कर मारायला एवढी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. मग कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी कॉव्हेंट्रीला निरोप धाडला. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस हातातलं काम टाकून दुसरी गाडी, म्हणजे उघड्या टपाची ७७ आरडब्ल्यू, घेऊन निघाला. रात्रभर गाडी हाणत, मध्ये बोटीने खाडी ओलांडून, सकाळी जिनिव्हात हजर. जगातली बहुतेक लाँचिंग आज ड्रोन आणि धुराच्या मशीनवर होतात, हे लाँचिंग एका माणसाच्या जागरणावर झालं.

गाडीचा आकार माल्कम सेयर यांचा. हे गृहस्थ आधी विमान कंपनीत होते. हवा गाडीच्या अंगावरून कशी सरकेल याचं गणित मांडून ते रेषा काढायचे. त्यांच्याच सी-टाइप आणि डी-टाइप या रेसिंग गाड्यांनी १९५१ ते १९५७ या काळात ल माँची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारला पाच वेळा जिंकून दिली होती. ई-टाइप म्हणजे त्याच घराण्याचं रस्त्यावर आलेलं रूप. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन कार्ब्युरेटर, कंपनीच्या दाव्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. १९६१ साली हे सगळं एका गाडीत, आणि करासकट किंमत सुमारे २,१०० पौंड. ऍस्टन मार्टिनची डीबी४ घ्यायची तर जवळपास दुप्पट मोजावे लागायचे. खरी क्रांती ही होती. ई-टाइप सुंदर होती हे सगळेच सांगतात, पण ती तिच्या तोडीच्या गाड्यांच्या मानाने स्वस्त होती, हे रीलवाले विसरतात.

रीलचा विषय निघालाच आहे तर, 'एन्झो फेरारींनी हिला जगातली सर्वांत सुंदर गाडी म्हटलं होतं' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते कधी, कुठे आणि कुणासमोर म्हटलं, हे मात्र एकही रील सांगत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ साली एक ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली, हे मात्र नक्की. कौतुकाला एवढा पुरावा पुरे.

१९६४ मध्ये इंजिन ४.२ लिटरचं झालं, १९६८ मध्ये सिरीज टू आली, १९७१ मध्ये सिरीज थ्रीला ५.३ लिटरचं व्ही-१२ मिळालं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर उत्पादन थांबलं. एकूण बाहत्तर हजारांहून जास्त गाड्या बनल्या. हा आकडा लक्षात ठेवा, सुट्या भागांच्या बाबतीत तो पुढे कामाला येणार आहे.

वेगाचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो

ई-टाइप ताशी २४० किलोमीटर पळते, अशी तिची ख्याती. पत्रकारांना चालवायला दिलेली गाडी खास तयार केलेली होती, ग्राहकाच्या हातातली क्वचितच तिथवर जायची. शून्यापासून शंभरला तिला साधारण सात सेकंद लागतात. व्ही-८ इंजिनची नवी रेंज रोव्हर अडीच टनांच्या आसपास वजनाची असूनही तेच काम पाच सेकंदांच्या आत करते, आणि तेवढ्यात मागच्या सीटवरच्या माणसाचा चहा सांडत नाही. ई-टाइपचं वजन सव्वा टन, म्हणजे जवळपास निम्मं. पण १९६१ साली ब्रिटनच्या मोटरवेवर वेगमर्यादाच नव्हती. ती डिसेंबर १९६५ मध्ये आली, ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. ती आजही तेवढीच आहे. त्यामुळे दोन्ही गाड्या कायद्याने सारख्याच धावतात. फरक एवढाच की ई-टाइपमध्ये ताशी शंभर म्हणजे शंभर वाटतात, आणि रेंज रोव्हरमध्ये ते साठ वाटतात. वेगावरून निर्णय घ्यायचा असेल तर वाद इथेच मिटला, नवी गाडी घ्या.

ई-टाइप सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं

खरा विषय इथे आहे. कारण ई-टाइप ठेवायची की विकायची, याचं उत्तर गाडीपेक्षा मालकाच्या आठवड्याच्या वेळापत्रकात जास्त असतं.

क्लचचं घ्या. आपल्याकडे क्लच प्लेट बदलायची म्हटलं की गाडी सकाळी गॅरेजला टाकायची आणि संध्याकाळी न्यायची. ई-टाइपमध्ये क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र उतरवावे लागतात. भाग स्वस्त, मजुरी महाग. मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नाहीत, ते आत डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना बसवलेले आहेत. शर्यतीच्या दृष्टीने हे हुशारीचं, कारण चाकांवरचं वजन कमी होतं. मेकॅनिकच्या दृष्टीने डोकेदुखी, कारण नीट काम करायचं तर मागची अख्खी सस्पेन्शनची चौकट खाली घ्यावी लागते. त्यात डिफरन्शियलच्या सीलमधून तेल पाझरायला लागलं की ते थेट ब्रेकवर.

मग गाडी तापणं. हा आकार हवेत सुसाट जाण्यासाठी केलेला आहे, लंडनच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहण्यासाठी नाही. सुरुवातीच्या गाड्यांचा पंखा इतका बेताचा की उन्हाळ्यात सिग्नलवर ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त. आता बहुतेक मालकांनी चांगला रेडिएटर आणि ताकदीचा पंखा बसवून घेतलेला असतो. वायरिंग आणि विजेचं सामान लुकास कंपनीचं. ते इतकं बदनाम की ब्रिटिश लोक या कंपनीला विनोदाने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. शिवाय ३.८ लिटरच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. हे माहीत नसलेल्या माणसाने जम्प स्टार्ट द्यायला गेलं की पुढचं काम टोचन लावणाऱ्याचं.

गंज हा सगळ्यांत महागडा शत्रू. ई-टाइपच्या मधल्या भागाला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दाराखालचे पोकळ पट्टे आणि फरशी आतून कुजत जाते, वरून रंग मात्र चकचकीत. घेताना पॉलिश बघणारा फसतो आणि लिफ्टवर चढवून खालून बघणारा वाचतो. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट एकाच तुकड्यासारखं उघडतं, दिसायला काय भारी, पण ठोकलं तर डेंटिंगचं बिलही तेवढंच लांबलचक.

आणि पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब करतं, शिवाय पाणी धरतं. त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्ब्युरेटर आतून सडू शकतात. म्हणून असे मालक महागडं ई-५ पेट्रोल भरतात किंवा नळ्या बदलून घेतात. 'गाडी जपून ठेवलीये, कधी बाहेरच काढत नाही' हे वाक्य ऐकायला प्रेमाचं वाटतं, प्रत्यक्षात उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. सील सुकतात, ब्रेक जाम होतात, टायर एका बाजूने बसतात.

एवढं सगळं वाचून 'विका' असंच म्हणावंसं वाटेल. पण थांबा. मघाचा बाहत्तर हजारांचा आकडा आठवा. इतक्या गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याच जगल्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये ई-टाइपच्या सुट्या भागांचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. वॉशरपासून अख्ख्या बॉनेटपर्यंत जवळपास सगळं आजही नवं बनवून मिळतं. साठ वर्षांच्या गाडीसाठी ही साधी गोष्ट नाही. तिची प्रत्येक कटकट कुणीतरी आधी सोडवलेली आहे, आणि ती सोडवायला पाने, एक जाडजूड मॅन्युअल आणि धीर एवढंच लागतं.

नव्या गाडीचं दुखणं वेगळ्या जातीचं

रेंज रोव्हर १९७० साली आली तेव्हा तीही होज मारून आतून धुता येईल अशी शेतावरची गाडी होती. आज ती महाल आहे. पाचवी पिढी ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. चढता-उतरताना खाली बसते, रस्ता बघून सस्पेन्शन बदलते, मागची चाकंसुद्धा वळवते. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांच्या माणसासाठी हे वरदान आहे, यात वाद नाही. एअरबॅग आहेत, अपघातात चुरगळून आतल्यांना वाचवणारी रचना आहे. ई-टाइपमध्ये यातलं काहीही नाही. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे तर मुळात सीट बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवताच येत नाही. नातवाला आजोबांच्या ई-टाइपमध्ये फोटो काढता येतो, फेरी मारता येत नाही.

पण नव्या गाडीचं दुखणं पान्याने बरं होत नाही. दोन उदाहरणं बघा.

पहिलं चोरीचं. चोर घरातल्या किल्लीचा सिग्नल यंत्राने पकडतात आणि गाडी आवाज न करता घेऊन जातात. ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर या चोरांच्या इतक्या आवडीच्या झाल्या की विम्याचे हप्ते प्रचंड वाढले, काहींना तर विमा मिळेना. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये जॅग्वार लँड रोव्हरला स्वतःची विमा योजना काढावी लागली आणि जुन्या गाड्यांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर सुधारायला एक कोटी पौंड बाजूला काढावे लागले. ई-टाइपची वायर जोडून चोरी करणं तसं सोपं, पण चोराला चोक किती ओढायचा हे माहीत पाहिजे ना राव.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२५ चं. सायबर हल्ल्यामुळे कंपनीच्या सगळ्या यंत्रणा बंद कराव्या लागल्या. कारखाने महिनाभराहून जास्त काळ ठप्प, ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. बातम्या कारखान्यांच्या झाल्या, पण त्या काळात सुटे भाग पुरवणाऱ्या यंत्रणाही अडकल्या. म्हणजे ज्याची नवी गाडी बिघडली, त्याच्या मेकॅनिकला कोणता भाग मागवायचा हे बघण्याचीही पंचाईत. ई-टाइपवाल्याला काही फरक पडला नाही, त्याचं मॅन्युअल कागदाचं होतं.

इथे माझं मत सांगते. आजची लक्झरी गाडी वापरायला उत्तम आहे, सांभाळून ठेवायला नाही. ती साठ वर्षांनी चालू असेल का? इंजिन कदाचित असेल. पण तिचे स्क्रीन, डझनावारी कंट्रोल युनिट आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर २०८५ साली कोण दुरुस्त करणार? त्यामुळे 'ही पण उद्याची क्लासिकच' असं सेल्समन म्हणाला तर हसून सोडून द्या.

पैशाचं बोलू

नवी लक्झरी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते, आणि पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात जोरात उतरते. एक लाखाची गाडी काही वर्षांत निम्म्यावर येणं ही या वर्गात नेहमीची गोष्ट आहे. दरवर्षी हजारो पौंड उडून जातात आणि कुणी पावतीही देत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये ४० हजार पौंडांपेक्षा महाग पेट्रोल-डिझेल गाडीवर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा रोड टॅक्स भरावा लागतो.

ई-टाइपचं उलट. ४० वर्षांपेक्षा जुनी गाडी ब्रिटनमध्ये ऐतिहासिक धरतात. रोड टॅक्स शून्य. मे २०१८ पासून, गाडीत मोठे फेरबदल केलेले नसतील तर, दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. लंडनच्या प्रदूषण शुल्कातूनही सूट. विकून नफा झाला तरी खासगी गाडीवर भांडवली नफ्याचा कर नाही. विमाही गाडी कमी चालवायची या अटीवर स्वस्तात मिळतो, आणि त्यात गाडीची किंमत आधीच ठरवून घेता येते.

म्हणून 'जुनी गाडी म्हणजे सोनं' असं काही जण छातीठोकपणे सांगतात. त्यांचं सगळं ऐकू नका. साधारण २०१५ च्या सुमारास ई-टाइपच्या किमती फुगून शिखरावर गेल्या होत्या, त्यानंतर त्या खाली आल्या. कारणही उघड आहे. ज्या पिढीने शाळेत असताना भिंतीवर ई-टाइपचं पोस्टर लावलं, ती पिढी आता गाड्या विकते आहे. आज चाळिशीतला माणूस ज्या गाड्यांवर जीव टाकतो त्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आहेत. त्यामुळे ई-टाइप अजून दहा वर्षं धरून ठेवली की भाव दुप्पट होईल, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. ती ठेवायची तर चालवण्यासाठी ठेवा.

भाव कशावर ठरतो हेही सांगून टाकते, कारण विकायला निघालेल्यांची इथेच फसवणूक होते. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीवरचे नंबर कारखान्याच्या मूळ नोंदीशी जुळले पाहिजेत. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट ही संस्था जुन्या नोंदी बघून प्रमाणपत्र देते. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या देशात पाठवली, सगळं त्यात असतं. हे प्रमाणपत्र आणि जुनी बिलं असतील तर किंमत वेगळी, नसतील तर वेगळी. सिरीज वनच्या पहिल्या काही शे गाड्यांचं बॉनेट बाहेरून उघडायचं, त्या सर्वांत महाग. उलट सिरीज थ्रीची लांब, चार सीटची व्ही-१२ याच्या निम्म्या-अर्ध्या किमतीतही मिळू शकते. तेव्हा 'ई-टाइप म्हणजे एक लाख' असं धरून घरात वाटण्या सुरू करू नका, आधी प्लेटवरचा नंबर वाचा.

मग करायचं काय?

या दोन पर्यायांत एक गोष्ट समान नाही, आणि निर्णय तिच्यावरच व्हायला हवा असं मला वाटतं. रेंज रोव्हर पुढच्या वर्षीही मिळेल. दोन वर्षं थांबलात तर तीच गाडी सेकंडहँड बाजारात खूप कमी पैशांत मिळेल. घरातली ई-टाइप एकदा गेली की गेली. दुसरी ई-टाइप विकत घेता येते, पण वडिलांनी ज्या गाडीचं इंजिन अंगणात उतरवलं होतं ती गाडी नाही. शिवाय विकताना आणि परत घेताना दोन्ही वेळा मधल्या माणसाचं कमिशन जातं. त्यामुळे नुसती दगदग होतेय किंवा घरात भांडण होतंय म्हणून घाईघाईत विकू नये. घाईची किंमत फक्त एकाच बाजूला जास्त आहे.

पण गाडी चालवणारं कुणी उरलंच नसेल, गेल्या दोन वर्षांत ती दोनदाही बाहेर पडली नसेल आणि पुढच्या पिढीला चोक आणि क्लच दोन्हींत रस नसेल, तर मात्र विकणंच चांगलं. ताडपत्रीखाली कुजत ठेवण्यापेक्षा एखाद्या हौशी माणसाच्या हाती ती गेलेली बरी. तेव्हा घरात बैठक घ्याल तर 'हिची किंमत किती' एवढ्यावर थांबू नका, 'दर रविवारी हिला फिरवून कोण आणणार' हेही विचारा. कुणी हात वर केला, तर त्याला विम्याच्या कागदावर ड्रायव्हर म्हणून घाला आणि सहा महिने द्या. हात वर करणारे पहिल्या थंडीत गायब होतात की टिकतात, ते आपोआप कळतं.

मधले रस्तेही आहेत. एक म्हणजे ई-टाइप ठेवायची आणि रोजच्यासाठी तीन-चार वर्षं जुनी लक्झरी गाडी घ्यायची. किमतीची पहिली मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते. दुसरा, पैसेवाल्यांचा. कॉव्हेंट्रीजवळ जॅग्वारचाच क्लासिक विभाग आहे. तो जुनी ई-टाइप पूर्ण उघडून मूळ रूपात परत बांधून देतो. २०१७ साली ही 'रीबॉर्न' गाडी २ लाख ८५ हजार पौंडांपासून सुरू होत होती. याच विभागाने ई-टाइपमध्ये इंजिनाऐवजी बॅटरी आणि मोटर बसवून 'ई-टाइप झीरो' केली होती. २०१८ मध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन लग्नानंतर स्वागत समारंभाला गेले ती हीच. तेल नाही, आवाज नाही, तापणं नाही. बघून बरेच जुने मालक नाराज झाले, आणि पुढे ही गाडी विक्रीसाठी बनवण्याचा बेतही बारगळला. आवाज काढून घेतलेली ई-टाइप कुणाला हवी होती, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे काय स्थिती?

रेंज रोव्हरची असेंब्ली २०२४ पासून पुण्यात होते. ब्रिटनबाहेर ती पहिल्यांदाच जोडली जात आहे. तेव्हा इथल्या लांब व्हीलबेसच्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत २ कोटी ३६ लाखांपासून जाहीर झाली होती. म्हणजे ब्रिटनमधलं 'किंमत सारखीच' हे गणित आपल्याकडे तसंच्या तसं लागू होत नाही. ई-टाइप तर महाराष्ट्रात रॅलीतच दिसली तर दिसते.

पण दारात आजोबांची फियाट किंवा वडिलांची जुनी जीप उभी असलेली घरं इथे कमी नाहीत, आणि त्यांच्यासाठी कामाचा नियम जुलै २०२१ चा आहे. ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५ हजार. नव्याने पासिंग झालेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो.

दोन अटी मात्र नीट वाचा. अशी नोंद झाली की गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही, भाड्याने लग्नाच्या वरातीलाही नाही. आणि चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही. त्यामुळे जुन्या फियाटमध्ये कुणी सोयीसाठी दुसरंच इंजिन बसवून ठेवलं असेल, तर आरटीओला जाण्याआधी आरसी बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर एकदा जुळवून बघा. मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका.